आय खाडीवर जायची

करावे, नवी मुंबई
२६ ऑक्टोबर २०२५

चि. मनाली हीस,
अनेक आशीर्वाद.

फराळाचं पार्सल काल दिलं. चकल्या वरच्या डब्यात आहेत, त्यावर काही ठेवू नकोस.

भाऊबीजेला तुझा फोन आला. "आई, रागावू नकोस, पण पुढच्या महिन्यात मी हरणाच्या शिकारीला जाणार आहे," असं तू म्हणालीस, आणि मी "जेवलीस का?" एवढंच विचारून फोन बाबांकडे दिला. त्यानंतर रागावलीस का म्हणून तुझे दोन मेसेज आले. मी रागावलेले नाही. मला जे बोलायचं होतं ते फोनवर उभ्या उभ्या बोलण्यासारखं नव्हतं. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी कोंबड्यांचं लिहिते, त्यातलं मला कळतं. अंगणातल्या खुराड्याचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. दोन तांबड्या, एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आणि ती ठिपक्यांची तलंग, अजून अंड्यावर न आलेली. तुझ्या खुराड्याला जाळी षटकोनी भोकांची, पातळ तारेची दिसते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. तुमच्याकडच्या रॅकून नावाच्या जनावराला माणसासारखी बोटं असतात असं तूच सांगितलं होतंस. खालच्या दोन फुटांना तरी बारीक चौकोनी भोकांची जाड जाळी लाव, आणि ती जमिनीत वीतभर पुरून घे. आमच्याकडे घुशी आणि मुंगूस खालूनच यायचे.

थंडीत खुराडं गरम करायच्या नादी लागू नकोस. कोंबडीला थंडीपेक्षा ओल जास्त मारते. वर हवा जायला फट ठेव, खालचा भुसा कोरडा ठेव, तुरे काळे पडणार नाहीत. डिसेंबरात अंडी कमी झाली तर घाबरू नकोस. कोंबडीला अंडं घालायला चौदा-सोळा तास उजेड लागतो, तिकडे हिवाळ्यात तो असतोच कुठे? आणि अंडी आणल्या आणल्या धुऊ नकोस. अंड्यावर निसर्गाने दिलेलं एक पातळ आवरण असतं, धुतलं की ते जातं. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पूस.

तिकडे अमेरिकेत, मॅडिसनमध्ये कोंबडा ठेवायला बंदी आहे म्हणालीस, म्हणजे तुझ्याकडे पिल्लं होणार नाहीत. पण कोंबडा नसला तरी कोंबडी खुडूक होतेच. रिकाम्या अंड्यांवर पोट टेकून बसेल, खाणंपिणं सोडेल, हात लावलास तर चोच मारेल. माझी आय अशा कोंबडीला पाण्यात बुडवायची. तू तसं करू नकोस, तिकडच्या गारठ्यात ती मरेल. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तिला दोन-तीन दिवस वेगळी ठेव. पोटाखालून वारा लागला की तिची ऊब मोडते.

रवण बसवणं, म्हणजे खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवणं, हे मात्र आयचं खरं काम होतं. तेरा अंडी निवडायची, टोपलीत पेंढा घालायचा. आठव्या रात्री कंदिलासमोर एकेक अंडं धरून पाहायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायची, नितळ दिसलं तर काढायची. एकविसाव्या दिवशी ती टोपलीला कान लावायची आणि मलाही लावायला सांगायची. टरफलाच्या आतून येणारी ती टकटक मी अजून विसरलेले नाही. तेरातली दहा निघाली तरी मोठी व्हायची चार. काही घार न्यायची, काही मानमोडीचा रोग न्यायचा. रोगाची लस असते हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुझ्या कोंबड्यांना काय काय टोचलंय ते दुकानदाराला विचारून लिहून ठेव.

आणि हे नीट वाच. तुला शिकारीला नेणारी मैत्रीण बदकं आणि रानहंसही मारते म्हणालीस. त्या बाईला तिच्या शिकारीच्या बुटांसकट तुझ्या खुराड्यात पाऊल टाकू देऊ नकोस. बर्ड फ्लू रानपाखरांच्या विष्ठेतून येतो, बुटांच्या तळव्याला लागून येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो सापडला होता. शंभरेक कोंबड्या मेल्या, आणि आजूबाजूच्या पंचवीस हजारांच्या आसपास कोंबड्या मारायचा हुकूम निघाला. ज्यांची पाखरं ठणठणीत होती त्यांचीही गेली. खुराड्याचे बूट वेगळे ठेव, दाराशीच काढ. दाणा उघड्यावर सांडू देऊ नकोस, रानपाखरं त्याच्यावरच उतरतात.

आता शिकारीचं.

बाबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या घरात मुलीने बंदूक धरायची?" मी त्यांना काही बोलले नाही, पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून आय हलत नाही.

तू मला पेरूमधल्या त्या थडग्याची गोष्ट सांगितलीस. नऊ हजार वर्षांपूर्वीची कोवळी मुलगी, आणि तिच्याजवळ पुरलेली शिकारीची दगडी हत्यारं. ऐकून मला बरं वाटलं. पण मनू, तुला इतकं लांब जायला नको होतं. तुझी आजी शिकारीच होती. ती खाडीवर जायची, आणि आम्ही सगळे त्याला "खाडीवर जाणं" म्हणायचो, म्हणून ती शिकार आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ओहोटी लागली की ती साडीचा काष्टा मारून तिवरांत शिरायची. हातात लोखंडी आकडी, कमरेला टोपली. मी दहा वर्षांची असेन, मागे चालायचे. गाळात मांडीपर्यंत पाय जायचे. ती चिंबोऱ्यांची बिळं बघत चालायची. बिळाच्या तोंडाशी ताजा गाळ असला, त्यावर नांग्यांचे ओरखडे असले, की थांबायची. आधी आकडी आत घालून अंदाज घ्यायची. आकडी नुसती दगडावर लागल्यासारखी वाजली तर चिंबोरी आतच आहे, आणि मोठी आहे. मग हिरव्या बांगड्या कोपराच्या वर सारून खांद्यापर्यंत हात आत. मला म्हणायची, "भिव नको गो बाय, भ्यालेल्या हातालाच ती धरते." मागून, पाठीवर दाबून धरायची आणि बाहेर काढता काढता सुतळीने नांग्या बांधून टाकायची. लहान असली तर परत त्याच बिळात सोडायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं अर्धं नख कायमचं गेलं होतं.

माग काढणं, वारा आणि पाणी ओळखणं, लहान जीव सोडणं, हे सगळं तुला त्या शिकारीच्या वर्गात शिकवलं ना? १९७३ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो वर्ग केल्याशिवाय परवानाच मिळत नाही म्हणालीस, आणि तुमच्याच राज्यात, विस्कॉन्सिनमध्ये, स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठात १९९१ पासून खास बायकांसाठी असे वर्ग सुरू झाले. चांगलं केलं त्यांनी. आयला हे तिच्या आयने शिकवलं होतं, मला तिने शिकवायला घेतलं आणि अर्ध्यावर राहिलं. जमिनी सिडकोने नवी मुंबईसाठी घेतल्या, त्याविरुद्धच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात उरणकडच्या जासईला गोळीबार झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यानंतर गाव कसं बदललं ते तू पाहिलंसच. अंगणावर मजले चढले, खुराडं गेलं. खाडी राहिली, पण तिच्यातलं खायला मन घेईना.

मुरबाडकडचे मामा ठासणीची बंदूक घेऊन रानडुकराला जायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा येण्याआधीची ही गोष्ट, मी नुसती ऐकलेली. आय लहानपणी त्यांच्या मागे लागली होती की मलाही न्या. मामा म्हणाले, "बायांच्या बांगड्या वाजतात, जनावर पळतं." आयने हे मला सांगितलं तेव्हा ती चिंबोऱ्या साफ करत होती. पुढे काही बोलली नाही, पण इतक्या वर्षांनी तिला ते आठवत होतं.

घरात कोंबड्यांचंही तसंच. पिल्लं वाढवायची बाईने, रात्री उठून खुराडं बघायचं बाईने, मसाला वाटायचा बाईने. सुरी मात्र बाप्याच्या हातात. बाईने कापलेली कोंबडी माझी आजी खायची नाही. एकदा पाहुणे अचानक आले, घरात बाप्या नव्हता, कापून देणारा शेजारचा मुलगाही कामावर गेलेला. आयने मला न्हाणीच्या मागे नेलं. कोंबडीचे पंख पायाखाली धरले, डोळ्यांवर पदराचं टोक टाकलं, तिला काहीतरी हळू म्हणाली आणि एका हातात मान धरून झटक्यात उरकलं. मग गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, लव जाळावर भाजली. पोट फाडल्यावर आत पिवळ्या बलकांची माळ निघाली, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. घाईत तिने अंड्यावरची कोंबडी धरली होती. आय हात तसेच ठेवून बसून राहिली. आजीने "कोणी कापली?" विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या पोराने." आजी पोटभर जेवली. आय त्या दिवशी कोरडी भाकरी खाऊन उठली. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही.

म्हणून मी तुला जाऊ नकोस म्हणणार नाही. रविवारी दुकानातून सोलून आणलेली कोंबडी मी शिजवते, ती कोणीतरी मारलेलीच असते. मी तुला कोणत्या तोंडाने अडवू? आपल्याकडे शिकार गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, इथे रान उरलंय किती! येऊरच्या जंगलात हरणांचं जे काही करायचं ते बिबट्या करतो. तुमच्या राज्यात हरणं दहा लाखांच्या वर आणि त्यांना खाणारी जनावरं थोडी, हे मला पटलं. बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ पासून रानांच्या आणि जनावरांच्या राखणीला जातो, हेही पटलं.

पण माझ्या काही गोष्टी तुला ऐकाव्या लागतील. गोळी चालवलीस तर पुढचं सगळं तू करायचंस. जखमी होऊन पळालं तर अंधार पडला तरी माग सोडायचा नाही. पोट फाडणं, सोलणं मैत्रिणीवर ढकलून लांब उभी राहू नकोस. सगळं मांस खायचं किंवा वाटायचं. शिशाची गोळी वापरू नकोस, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात. तांब्याची मिळते. आणि हरणांचा तो झिजवणारा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून आहे असं मी वाचलं, तेव्हा तपासणीला नमुना दे आणि निकाल येईपर्यंत एक तुकडा तोंडात घालू नकोस. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही म्हणतात, तरीसुद्धा.

मेलेल्या जनावराचं शिंग धरून हसतानाचा फोटो काढू नकोस. तिकडे तशी पद्धत असेल, मैत्रीण आग्रह करेल. आय त्या कोंबडीशी जे हळू बोलली ते मला ऐकू आलं नव्हतं, पण ती हसत नव्हती. तूही घटकाभर त्याच्याजवळ बस.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याजवळ नाही. संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्याच मारायला हव्यात, म्हणून त्यांचे परवाने वेगळे देतात, असं तू म्हणालीस. हिशेब बरोबर आहे. पण नोव्हेंबर संपत येताना त्यातल्या किती पोटुशी असतील? ती बलकांची माळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू तिथे असशील, बंदूक तुझ्या हातात असेल. त्या वेळी तुला जे वाटेल ते कर, आणि नाही चालवावीशी वाटली तर रिकाम्या हाताने परत यायला लाजू नकोस. आय कितीदा तरी रिकामी टोपली घेऊन यायची.

तुझ्या कोंबड्यांचंही आत्ताच ठरव. दोन वर्षांनी अंडी कमी होतील, पुढे चार-पाच वर्षं त्या नुसत्या खातील. पोसणार असशील तर पोस, त्यात काही चूक नाही. कापणार असशील तर दुसऱ्याला देऊन मोकळी होऊ नकोस.

२२ तारखेला तुमचा हंगाम उघडतो ना? केशरी किंवा तो भडक गुलाबी, जो काय कायद्याने चालतो तो अंगावर घाल, आणि थंडी वाजते म्हणून वरून दुसरं काही घालून तो झाकू नकोस. तिकडून निघताना आणि परत आल्यावर फोन कर, इकडे रात्र असली तरी चालेल. बाबांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे, कोंबडीच्या गोष्टीसकट.

ती ठिपक्यांची तलंग अंडी घालायला लागली का? तिचा तुरा लाल झालेला दिसतोय, आठवड्याभरात घालेल. पहिलं अंडं लहान असतं, कधी कधी त्यावर रक्ताचा डागही असतो. घाबरू नकोस.

तुझी,
आई