गाडी गचके का खाते

प्रिय मीरा,

गाडी निघताना गचके खाते आणि मधेच बंद पडते, असं लिहिलंस. दोष गिअरचा नाही, क्लच सोडण्याचा आहे.

आधी सीट बघ. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताणावा लागला तर क्लच पूर्ण दाबला जात नाही आणि गिअर टाकताना करकर होते.

इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. ते आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये गिअरबॉक्सला जोडलेली क्लचप्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की ती मोकळी होते. सोडत आणलं की आधी घासते, मग पकडते. ही पकड पेडलच्या मधल्या दोन-तीन सेंटिमीटरांतच येते, बाकीचं पेडल भरभर सोडलंस तरी चालतं. इंजिनाचा आवाज जरा खाली बसला की पकड आली समज. तिथंच पाय थांबव, हलकी रेस दे, गाडी हातभर सरकू दे आणि मगच उरलेला क्लच सोड. चाक हललं रे हललं की पाय उचलला जातो, आणि गाडी बंद पडते ती तिथंच. सपाट मोकळ्या जागेत, रेस अजिबात न देता, नुसत्या क्लचवर पहिल्या गिअरमध्ये गाडी काढून बघ. दुसरा कुठलाही सराव पायाला इतकं शिकवत नाही.

वरचा गिअर टाकताना रेस सोडणं आणि क्लच दाबणं एकदमच. पेट्रोल गाडीत साधारण 2000 ते 2500 आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्या की) बदल, डिझेलमध्ये थोडं आधी. लिव्हर हिसडू नकोस. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरला गिअरांचा वेग जुळवायला क्षणभर लागतो. खालच्या गिअरवर येताना आधी ब्रेकने वेग उतरव, गिअर टाक आणि क्लच सोडता सोडता किंचित रेस दे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फिरावं लागतं, म्हणून नुसता क्लच सोडला की झटका बसतो.

चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, तोलून धरायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. जळका वास येतो तो प्लेटचाच. हॅन्डब्रेक ओढ, पकड आली की सोड. सिग्नलला न्यूट्रल आणि क्लचवरून पाय काढ, नाहीतर पेडल दाबल्यावर क्लच मोकळा करणारं रिलीज बेअरिंग विनाकारण झिजतं. चालत्या गाडीतही डावा पाय पेडलवर टेकवू नकोस. रेस दिल्यावर आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर प्लेट घसरतेय. गाडी लगेच मेकॅनिकला दाखव.

रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच.

तुझी,
आई