पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र: मुदतवाढ तुम्हाला मिळाली, माझ्या लेकीला नाही

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून लिहितोय. दारात जलजीवन मिशनचा, म्हणजे घरोघरी नळानं पाणी देण्याच्या सरकारी योजनेचा नळ आहे, पाणी नाही. ते अजून विहिरीच्या तळाशी वाटीनं भरतो. परवा त्याच पाण्यानं लेकीला पुन्हा जुलाब लागले. तीन वर्षांची आहे. हाताला शीर सापडेना, शेवटी नर्सताईंनी पायाला सलाइन लावलं.

जुलाब थांबले की रजिस्टरात 'बरी झाली' लिहितात. बरी कसली? असलं पाणी रोज पोटात गेलं की जुलाब नसतानाही आतड्याला सूज राहू शकते. अन्न शोषणारं अस्तर झिजतं, भिंत पाझरते, जंतूंचे अंश रक्तात जातात. सूज आहे तोवर लोह नीट शोषलं जात नाही, आणि मेंदूच्या घडणीला लोह लागतं. ढाक्याच्या गरीब वस्तीतल्या बाळांवर अभ्यास झालाय: ज्यांच्या रक्तात सुजेची लक्षणं जास्त, ती विकासाच्या चाचणीत मागे. माझी लेक अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, यामुळेच असं छातीठोक सांगता येणार नाही. बरं. पण 'यामुळे नाही' असंही कुणी लिहून देत नाही!

२०१९च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून या योजनेची घोषणा झाली, मुदत २०२४. आता म्हणे २०२८. वा! मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, साहेब. २०२८ला ती पहिलीत असेल. तेव्हा तुमच्या नळाखाली आंघोळ करील.

राज्यात २०१५-१६ला शंभरातली ३४ मुलं वयाच्या मानानं खुजी होती, २०१९-२१ला ३५. पाहणी केंद्र सरकारचीच आहे, विरोधकांची नाही. विचारायला जावं तर पाणी जिल्हा परिषदेचं, जुलाब आरोग्याचे, सुकडी महिला-बालविकासची, आणि आम्ही आदिवासी विकासचे. पोरगी कुणाचीच नाही. ठेकेदारांची बिलं थकली की मंत्रालयात बैठक लागते. पोरांची डोकी थकली तर त्याचा रकाना कुठल्या रजिस्टरात आहे?

विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासा, अहवाल चावडीवर लावा आणि टाकीत पाणी कधी चढणार ते तारखेसह लेखी द्या. तोवर गावाच्या वेशीवरचा 'हर घर जल' बोर्ड उतरवा. माणूस नसेल तर कळवा, शिडी आमच्याकडे आहे.

आपला,
एक बाप