हेडबँड चिंता मोजत नाही, हे छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

घरी वापरायच्या ईईजी हेडबँडवर (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारा डोक्यावरचा पट्टा) तुमच्या पुरवणीत लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की हा बँड मनातली चिंता ओळखतो. मला अँग्झायटीचा त्रास खूप वर्षं आहे आणि असा बँड मी आठ महिने रोज वापरलाय, त्यामुळे ते वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्यासारखी माणसं असली वाक्यं शब्दशः खरी मानतात हो, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी बँड काय पकडतो ते बघा. मेंदूतल्या असंख्य पेशी एका तालात चालल्या की डोक्याच्या त्वचेवर अगदी बारीक व्होल्टेज उमटतं, दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट फक्त, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मधे माणसाच्या डोक्यावरून ते पहिल्यांदा टिपलं. डोळे मिटून निवांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळा होणारी अल्फा लहर वाढते हे खरं आहे, पण ती सगळ्यात ठळक दिसते डोक्याच्या मागच्या भागात, आणि घरगुती बँडचे सेन्सर बहुतेक वेळा कपाळावर नि कानामागे, तेही मोजून तीन-चार. भीतीशी ज्याचा जवळचा संबंध आहे तो अमिग्डाला हा मेंदूचा छोटा भाग तर पार आत खोलवर असतो, कपाळावरचा सेन्सर तिथलं थेट काही टिपू शकत नाही. म्हणजे अॅप जो आकडा, म्हणजे स्कोअर, दाखवतं तो चार ठिकाणच्या सिग्नलवरून काढलेला अंदाज असतो, त्याला चिंता हे नाव कंपनीने दिलंय.

आणि तो सिग्नल निव्वळ मेंदूचाही नसतो. एक आठवडा माझा रात्रीचा स्कोअर सलग वाईट येत होता, मी इतकी घाबरले की आता परत पॅनिक सुरू होणार असं धरूनच चालले, मग एका रात्री बँड डोक्यावर असतानाच मोठी जांभई आली, जबडा सैल पडला आणि स्क्रीनवरचा आलेख एकदम शांत झाला. मी मुद्दाम दात आवळून बघितले तर आलेख परत उसळला, सोडले की खाली, चार-पाच वेळा करून बघितलं. स्नायूंचीसुद्धा वीज असते, मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठी, आणि ती बीटा, म्हणजे अल्फापेक्षा जलद लहरींच्या पट्ट्यात मिसळते, अॅप त्यालाच अस्वस्थ मन समजतं. पापणी लवली तरी सिग्नल हलतो. मी आठवडाभर ज्याला घाबरत होते ते माझे आवळलेले दात होते. तसं बघितलं तर हे कळणं उपयोगाचंच ठरलं, मी दिवसभर जबडा आवळून बसते हे मला आधी माहितीच नव्हतं, आता आठवलं की सैल सोडते.

पण खरं नुकसान झालं ते वेगळंच. मीटिंगच्या आधी दहा मिनिटं बँड लावून स्कोअर हिरवा झाल्याशिवाय मी आत जाईना, एकदा चार्जिंग संपलं तर चक्क घरी परत आले. हे माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात, सोबत पाण्याची बाटली किंवा माणूस असल्याशिवाय बाहेर न पडणारे लोक असतात ना, तसंच. सीबीटीमधे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीत, शिकायचं असतं की भीती आली, मी तिथेच थांबले, आणि ती आपोआप उतरली. बँड डोक्यावर असेल तर सगळं श्रेय बँडला जातं आणि मन ते शिकतच नाही. त्यांनी बँड फेकून दे असं नाही सांगितलं, फक्त धडधड सुरू असताना नाही लावायचा, आणि स्कोअर झाकून ठेवायचा. तेव्हापासून मी सकाळी मिनिटाला सहाएक श्वास अशा संथ गतीने बसते, लक्ष भरकटलं की बँडमधला पावसाचा आवाज वाढतो, तेवढी आठवण मला पुरते. मला बरं वाटतं. ते बँडमुळे की श्वासामुळे, हे मी सांगू शकत नाही, कारण साल्झबर्गच्या संशोधकांनी २०१७ मधे निद्रानाशाच्या रुग्णांवर खरा आणि खोटा न्यूरोफीडबॅक (मेंदूच्या लहरी लगेच दाखवून त्या बदलायला शिकवणं) तपासला तेव्हा दोन्हींनी लोकांना सारखंच बरं वाटलं होतं. तो अभ्यास झोपेवरचा होता, चिंतेवरचा नाही, तरी ज्याला बँड घ्यायचाय त्याला हे माहिती हवं.

लोक बँडकडे का वळतात तेही मला कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ मधे ३० कोटींहून जास्त लोकांना अँग्झायटीचा आजार होता आणि उपचार मिळतात साधारण चौघांतल्या एकाला. थेरपिस्टची वेळ मिळत नाही, कुणाला सांगायची लाज वाटते, आणि बँड गपचूप घरी येतो. म्हणून तर आणखी जपून लिहायला हवं. माझ्या एका मैत्रिणीने आठवडाभर स्कोअर चांगला आला म्हणून अँग्झायटीच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या, चक्कर, मळमळ, रात्रभर झोप नाही, डॉक्टरांनी परत सुरू करून मग हळूहळू कमी केल्या.

आणि तो डेटा जातो कुठे, याचा लेखात शब्दही नव्हता. चिलीने २०२१ मधे मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं आणि २०२३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका हेडबँड कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. अमेरिकेत कॅलिफोर्निया नि कोलोराडो राज्यांनी २०२४ मधे असा डेटा जपायला कायदे केले. माझ्या आठ महिन्यांच्या रात्री कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत, दोन मेल पाठवले, उत्तर नाही.

तुमच्याकडे एवढीच विनंती आहे, त्या लेखाची दुरुस्ती त्याच पानावर छापा, की बँड चिंता ओळखत नाही, आणि स्कोअर बघून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

आपली,
एक नियमित वाचक