विषय : ॲक्रिलिक रंगसंचातील सदोष पांढरा रंग व खोक्यावरील फसवा दावा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी सावंतवाडीत लाकडी पाट, सुपं आणि परड्या रंगवून विकते. चतुर्थीच्या तोंडावर पाटांना मागणी असते, म्हणून तुमचा ॲक्रिलिक रंगसंच मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'एकाच ब्रशवर तीन रंग, सहज मिसळणारे'. घेतला तो त्या ओळीवर विसंबूनच.

माझं जास्वंदीचं काम पाऊण इंची चपट्या ब्रशचं. एका कोपऱ्याला लाल, दुसऱ्याला पांढरा घ्यायचा, आणि पॅलेटवर एकाच जागी ब्रश मागेपुढे ओढत राहायचं. मधल्या केसांत दोन्ही रंग शिरले की पाकळी एका फटक्यात उतरते : कडेला लाल, मध्ये गुलाबी, आत पांढरी. तुमच्या पांढऱ्याने गुलाबी काही येतच नाही. लाल तो लाल, पांढरा तो पांढरा, आणि मध्ये भांग पाडल्यासारखी रेघ. तिसरा रंग घेण्याची तर गोष्टच सोडा.

ब्रशचा दोष म्हणाल, तर त्याच ब्रशने, तुमच्याच लालसोबत, दुसऱ्या कंपनीचा पांढरा घेऊन त्याच फळीवर शेजारी पाकळी काढली. ती व्यवस्थित आली. फोटो सोबत जोडलाय, दोन्ही पाकळ्या एकाच चौकटीत आहेत. तुमच्या ट्यूबचं टोपण उघडलं की आधी पिवळसर पाणी येतं, मागून खडूच्या लगद्यासारखा घट्ट गोळा. न उघडलेली दुसरी ट्यूबही तशीच निघाली.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने दोन उत्तरं दिली. पहिलं, 'कोकणातली हवा दमट, म्हणून रंग लवकर सुकून मिसळत नाही.' अहो, ॲक्रिलिक सुकतो तो त्यातलं पाणी उडून. दमट हवेत पाणी उशिरा उडतं, म्हणजे पावसाळ्यात मला मिसळायला उलट जास्त वेळ मिळतो. हे उत्तर लिहून देणाऱ्याने एकदा जुलैत इकडे येऊन कपडे वाळत घालून बघावेत.

दुसरं, 'पाणी घालून पातळ करा.' तेही केलं. जास्त पाणी पडलं की रंगद्रव्याला धरून ठेवणारा चिकटा विरळ होतो. पूर्ण वाळलेल्या पाटावर वॉर्निशचा हात फिरवला, तर ब्रशला पांढरा रंग लागून आला. तो पाट खरवडून पुन्हा अस्तरापासून करावा लागला. लाकूड, मजुरी आणि ऐन हंगामातला वेळ, सगळं माझ्याच खिशातून गेलं.

लाल, निळा, पिवळा यांबद्दल माझी तक्रार नाही. पण या कामात जवळजवळ प्रत्येक पाकळीला, पानाला एका कोपऱ्यावर पांढरा लागतोच. तोच नासका असेल तर बाकीचे रंग घेऊन काय करू?

तेव्हा रंगसंचाची पूर्ण किंमत परत करावी. बदली ट्यूब नको, कारण त्याच बॅचमधली आली तर पुन्हा हेच. बॅच क्रमांक व बिलाची प्रत सोबत आहे. तपासणीसाठी ट्यूब हव्या असतील तर कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवा. आणि पांढरा सुधारेपर्यंत खोक्यावरचा तो दावा काढून टाका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन.

कळावे,
आपली ग्राहक,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग