चिन्नोरचं बियाणं

नागपूर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलं ना, तो जुना सुवासिक चिन्नोर धान परत काऊन लावतोस, एकरी धान तर कमीच होतो, तेव्हा मी इतवारीत होतो, गाड्यांच्या आवाजात धड बोलताच आलं नाही, म्हणून आज निवांत लिहितो.

धान कमी होतो हे खरंच. चिन्नोर उंच वाढतो, उशिरा निघतो आणि युरिया जास्त झाला की लोळतो. पहिल्या वर्षी मी एचएमटी वाणाएवढंच खत दिलं आणि दिवाळीच्या तोंडावर अर्धी बांधी आडवी, आई न मी चिखलातून लोंब्या उचलत होतो, अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून रोवण्याआधी ढेंचा हिरवळीचं खत म्हणून चिखलणीत गाडतो, शेणखत टाकतो, युरिया बंद. आता उभा राहतो, खर्च वाचतो, तणस पण लांब निघते, गाईंना पुरते.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या लहानपणी वरच्या बांधीत लवकर निघणारा हलका धान, खोलगट बांधीत उशिरा निघणारा भारी धान असायचा, लुचई वेगळी, हिरानखी वेगळी, पाऊस लवकर गेला तरी काहीतरी घरात यायचं. आता मौद्याकडे रस्त्यानं जाताना दोन-तीनच वाण दिसतात, सगळं एकाच वेळी निसवतं, मग तुडतुडा कीड आली की शिवारच्या शिवार जळाल्यासारखं दिसतं.

आणि एचएमटी तरी कुठून आला? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं 1983 मध्ये पटेल 3 या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढून वर्षानुवर्षं लावत राहिले, त्यातून तो वाण झाला, नाव मात्र एचएमटी घड्याळावरून पडलं. बांधीत वेगळं काही उरलंच नाही तर पुढचे दादाजी काय निवडतील, तूच सांग.

म्हणून कापणीच्या आधी आई आणि मी धुऱ्यावरून हळूहळू चालतो, भरदार, एकसारख्या लोंब्या हातानं तोडतो, टोकाला कुसळ असलेली किंवा लालसर दिसली की ती भेसळ, ती बाजूला. धानाचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे दुसऱ्या वाणापासून 3 मीटर अंतर ठेवलं तरी बियाणं शुद्ध राहतं, मक्यासारखी कटकट नाही. पण दरवर्षी पेरावं लागतं रे, आपल्या उन्हाळ्यात घरी ठेवलेलं बियाणं दोन-तीन वर्षांत उगवायचं बंद होतं.

तुझी तलावाखालची बांधी ठेक्यानं दिलीस ना, त्यातली एक फक्त यंदा परत घे. खोलगट आहे, पाणी टिकतं, चिन्नोरला तशीच लागते. 5 किलो बियाणं कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय, एकाच घरी ठेवायची मला भीती वाटते. रोपांसाठी पऱ्हे जूनमध्ये टाकायचे आहेत, त्याआधी ये, रोवण्याला मी येतो. आई म्हणते, आलास की चिन्नोरचाच भात करते.

तुझाच