‘मागं कोण लागलंय?’ हे विचारणारा कायदा हवा : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांचे सरकारी अर्ज भरून देते. रेशनकार्ड, वारसनोंद, निराधारांची पेन्शन. पण एका घरचे कागद मनातून जात नाहीत, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

२०१६ साली सिंधमधून एक हिंदू कुटुंब इथल्या नातेवाइकांकडे आलं. आई, वडील आणि तेरा वर्षांची मुलगी. तिकडं त्यांच्या गल्लीतली एक पोरगी पळवून नेली, धर्म बदलून तिचं लग्न लावलं आणि तिचे आईवडील पोलीस ठाण्यातून रिकाम्या हातानं परत आले. त्याच रात्री यांनी गाव सोडायचं ठरवलं. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज भरायला त्यांनी पासपोर्ट माझ्यापुढे ठेवले. व्हिसावर येण्याचा हेतू होता तीर्थयात्रा. वडिलांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, “ताई, दुसरं काय लिहिणार होतो?”

२०१९ची नागरिकत्व दुरुस्ती अशाच लोकांसाठी आहे, असं त्यांनाही वाटलं होतं. पण तिची रेघ ३१ डिसेंबर २०१४ला ओढलेली आहे. त्या तारखेपर्यंत आलेल्यांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता येतं. यांना मात्र नेहमीच्या नियमानं बारा वर्षं काढायची. गेल्या वर्षी सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या मंत्रालयानं २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यानं कारवाई टळते, नागरिकत्व मिळत नाही.

मधल्या काळात पासपोर्टची मुदत संपली. नवा काढायला दिल्लीत पाकिस्तानच्याच उच्चायुक्तालयात जावं लागलं. ज्या सरकारनं शेजारच्या पोरीची फिर्याद ऐकली नाही, त्याच सरकारच्या खिडकीपुढे फी भरून उभं राहायचं. त्या दिवसाबद्दल आई अजून बोलत नाही. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा हे तिघं सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले होते. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे चालूच राहतील हा खुलासा मी त्यांना दोनदा वाचून दाखवला, तरी वडील म्हणाले, “प्रिंट द्या.”

साहेब, माझी मागणी फक्त यांच्यापुरती नाही. पाकिस्ताननं १९७४मध्ये घटना बदलून, स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथाचे लोक मुसलमान नाहीत असं ठरवलं. १९८४च्या वटहुकुमानंतर स्वतःला मुसलमान म्हणवणं हा त्यांचा गुन्हा झाला. धर्मावरून होणारा छळ यापेक्षा उघड कसा असेल? पण २०१९च्या दुरुस्तीत ज्या धर्मांची यादी आहे, तीत त्यांचं नाव नाही.

माझी आजी नळदुर्गची. रझाकारांच्या भीतीनं १९४८मध्ये नेसत्या लुगड्यानिशी बैलगाडीतून सोलापुरात आली. सप्टेंबरात आपल्या फौजा सोलापूरहूनच नळदुर्गच्या वाटेनं निघाल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. पण त्यानंतर तिकडच्या निरपराध मुसलमानांवर जे बेतलं, तेही आजी कधी लपवत नसे. दोन लेकरं घेऊन एक मुसलमान बाई त्याच रस्त्यानं आली आणि आजीच्या खोलीत महिनाभर राहिली. दार उघडताना आजीनं एवढंच विचारलं होतं, “मागं कोण लागलंय?”

कायद्यानंही हेच विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे. १९५१च्या निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही, ती आत्ताच करा असा माझा हट्ट नाही. आपला स्वतःचा आश्रय कायदा करा. प्रत्येक अर्जदाराला समोर बसवून, त्याच्या भाषेचा दुभाषी देऊन त्याचं म्हणणं ऐका. चौकशी हवी तेवढी कडक करा, खोटं निघालं तर अर्ज फेटाळा. पण कारण लेखी द्या आणि अपिलाची सोय ठेवा. निकाल लागेपर्यंत कुणालाही परत पाठवू नका. जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलंच आहे. आणि छळाचा पुरावा मागताना ध्यानात ठेवा, पळणाऱ्या माणसाच्या हाती फिर्यादीची प्रत नसते.

ती मुलगी आता बावीस-तेवीस वर्षांची आहे. बारा वर्षं भरली की तिचा अर्ज मीच टाइप करणार आहे. त्याआधी असा कायदा आला, तर तीर्थयात्रा हा शब्द मला पुन्हा टाइप करावा लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक अर्ज लिहिणारी, सोलापूर