सोनू, तुझी ती न्यूझीलंडवाली सिरीयल सगळी बघितलो

सोनू बाळा,

फोनवर एवढं बोलणं होत नाही, तुझा ऑफिसचा कॉल येतो नाहीतर इकडं रेंज जाते, म्हणून टाईप करायलो, लांबलं तर रविवारी निवांत वाच.

दिवाळीला तू तुझा तो डीव्हीडीचा डबा आणलतीस, आपल्या जुन्या प्लेअरवर फ्लाईट ऑफ द काँकॉर्ड्स, ती न्यूयॉर्कमध्ये बँड चालवणाऱ्या ब्रेट अन् जेमेन ह्या न्यूझीलंडच्या दोन पोरांची सिरीयल, लावलीस अन् मी दहा मिनिटांत म्हणलो, ह्याच्यात हसायचं काय आहे, ही पोरं तर मयताला आल्यासारखी बसलीत. तू एक शब्द बोलली नाहीस. डीव्हीडी काढलीस, डब्यात घातलीस अन् आत जाऊन आईसंग करंज्या भरू लागलीस. तुझं ते तोंड माझ्या डोळ्यापुढून हलेना. चुकलं माझं बाळा, अन् नुसतं चुकलं म्हणून भागत नाही म्हणून तू टीव्हीखाली ठेवून गेलेला तो डबा काढून सगळी सिरीयल बघितलो, पहिल्या सीझनचे 12 भाग अन् दुसऱ्याचे 10. रोज रात्री जेवणं झाली की एक भाग, लाईट गेली की तिथून दुसऱ्या दिवशी. खाली इंग्रजी अक्षरं लावून, थांबवत थांबवत. आधी त्यांचे बोल कानात बसेनात, त्यांच्या तोंडात ब्रेटचं ब्रिट होतं अन् पेनचं पिन होतं, चार-पाच भागांनंतर कान तयार झाला.

मला कळलं ते तिसऱ्या का चौथ्या रात्री, अन् कळलं ते तुझ्या आजोबांमुळं. तू लई लहान होतीस, तुला आठवत नसेल, कार्तिकी एकादशीला आपल्या गावच्या देवळात दादा एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड करायचे. पायाच्या अंगठ्याला उपरणं गुंडाळायचे, एका पायावर लंगडत मधी यायचे, कपाळावर आठ्या, डोळ्यात पाणी, असं कळवळून गायचे की पुढं बसलेली बारकी लेकरं खरंच रडायची अन् मागं बसलेली मोठी माणसं पोट धरून हसायची. दादा एकदाही हसले नाहीत. एकदा एक टाळकरी मधीच फिसकन हसला तर भारूड झाल्यावर दादांनी त्याला देवळाच्या मागं नेऊन असा बोलले की तो पुढच्या एकादशीला पखवाजाकडं तोंड करून उभा राहिला. आता मला सांग, ज्या माणसाच्या घरात हे झालं त्यानंच त्या पोरांना मयताला आल्यासारखी म्हणावं का? ती दोघं तेच करायलीत. एवढीशी खोली, खिशात पैसा नाही, समोर पोरगी आली की दोन शब्द धड फुटत नाहीत, अन् मनात गाणं सुरू झालं की टीव्हीवरचं सगळं चित्रच बदलून जातं, पण चेहरा मात्र तोच. मागून हसण्याचा आवाज लावलेला नाही, हे पहिल्या दिवशी मला रिकामं रिकामं वाटलतं, आता वाटतं तो आवाज असता तर सगळी मजा गेली असती.

काकाचं मत तुला सांगतो, तो तीन-चार भागांना येऊन बसला. त्याला मधीच गाणं येतं ते पटेना, गोष्ट थांबते म्हणला. मी म्हणलो अरे आपल्या संगीत नाटकात काय होतं, मन भरून आलं की माणूस गायलाच लागतो की, इथं फरक एवढाच की मन भरलंय हे चेहऱ्यावर येऊ देत नाहीत. तो ऐकून गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी न बोलावता आला.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो मरे, त्यांचा मॅनेजर. न्यूयॉर्कमधल्या न्यूझीलंडच्या कॉन्सुलेटमध्ये नोकरीला, तिथंच ऑफिसात बँडची मीटिंग घेतो. माणसं दोनच, समोर बसलेली, तरी आधी हजेरी. ब्रेट? प्रेझेंट. जेमेन? प्रेझेंट. मग स्वतःचं नाव घेऊन स्वतःच प्रेझेंट म्हणतो. आईला हसू आवरेना, मला मात्र घशात दाटून आलं. माझ्या नोकरीची पहिली तीन वर्षं त्या तांड्यावरच्या शाळेत गेली, ते तुला माहितीच आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं येईनात, एकदा दोघंच आलती, भाऊ-बहीण, डोक्यावर खताचं पोतं घेऊन. मी हजेरीपट उघडून सगळी नावं घेतलो. जे नव्हते त्यांची पण. ती दोघं मांडी घालून, हात बांधून, आपलं नाव कधी येतं म्हणून बघायलती. मला तवा काय वाटलतं ते मी कुणाला सांगितलो नव्हतो, अन् हा रिस डार्बी नावाचा माणूस ते टीव्हीवर करून दाखवायला. दोघंच असले तरी ती शाळाच आहे अन् तो बँडच आहे, एवढं त्या मरेला पक्कं ठाऊक आहे.

आईचं मत वेगळं. तिला तो नवीन कपाचा भाग आवडला, दुसऱ्या सीझनमधला. एकच कप दोघांत, म्हणून ब्रेट 2 डॉलर 79 सेंटचा दुसरा कप आणतो अन् तेवढ्यानं घराचा सगळा हिशोब कोसळतो. मला वाटलं हे जरा जास्तच ताणलंय, पण आई म्हणली तुम्हाला काय माहिती, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घर असंच असतं, एक चहापत्तीचा पुडा जास्त आणला की गॅसपर्यंत जातं ते. अन् तिला त्या मेलच्या नवऱ्याची, डगची, लई दया येते. बायको बँडची एकुलती एक फॅन, रात्रंदिवस त्या दोघांच्या मागं, अन् हा बिचारा गाडी घेऊन बाहेर उभा. मेलवर तिचा राग आहे. मी म्हणलो अगं ती नसती तर त्यांचं गाणं ऐकलं कोण असतं, ते तिला पटत नाही, आमचं ह्याच्यावरून अजून चालू आहे.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहायलो. तो फळवाल्याचा भाग. फळवाला त्यांना फळ देईना, का तर न्यूझीलंडचे म्हणून, अन् शेवटी कळतं की त्याचा राग ऑस्ट्रेलियावाल्यांवर आहे, त्याला दोन्ही एकच वाटलते. (ते काम अझीझ अन्सारीनं केलंय, त्याचे आईबाप तमिळनाडूचे.) तो भाग बघताना मला तुझं पुण्यातलं पहिलं वर्ष आठवलं. हॉस्टेलवर पोरी तुला विचारायच्या लातूर म्हणजे विदर्भ ना, अन् तू फोनवर "काय करायलाव अप्पा" म्हणलीस की मागून कुणीतरी तसंच म्हणून हसायचं. मग तू हळूहळू "काय करताय" म्हणू लागलीस. आम्ही काही बोललो नाही पण आईच्या लक्षात पहिल्याच फोनला आलतं. त्या दोघांनी आपला उच्चार बदलला नाही. न्यूयॉर्कमध्ये राहून ब्रिट तो ब्रिटच. ही सिरीयल तुला एवढी का आवडते ते मला तवा समजलं, अन् मी तिलाच मयत म्हणलो होतो.

एक गोष्ट मात्र तुला पटणार नाही तरी सांगतो, दुसरा सीझन पहिल्याच्या तोडीचा नाही. पहिल्यातली गाणी त्यांनी कितीतरी वर्षं स्टेजवर घासून घासून तयार केलेली होती, वेलिंग्टनला युनिव्हर्सिटीत शिकताना एका घरात राहून सुरू केलेलं काम ते, मग बीबीसीचा रेडिओ, मग 2007 ला एचबीओ. दुसऱ्याला गाणी घाईत करावी लागली, ते दिसतं, कपाचा भाग सोडला तर गाणं अन् गोष्ट जागोजाग वेगळी पडते. पण 2009 च्या डिसेंबरला त्यांनी स्वतःच सांगितलं की तिसरा करणार नाही. चालू धंदा असा बंद करायला छाती लागते. पुढं ब्रेटला 2012 ला गाण्यासाठी ऑस्कर मिळालं हे वाचून आई लई खूश झाली, म्हणली कपाचे पैसे फिटले.

तू अन् तुझी रूममेट शनिवारी जी गाणी करता ती मी टाईमपास म्हणलतो, ते पण परत घेतो. तुझं ते एसटीच्या शेवटच्या गाडीवरचं गाणं आईच्या मोबाईलमध्ये आहे, काल परत ऐकलो. मधी एका ठिकाणी तू हसतीस, दुसऱ्या कडव्याला. तेवढं हसू नको.

येळवसला, वेळ अमावस्येला, नक्की ये, शुक्रवारीच निघ, गिटार घेऊन ये. शेतात कोपीपुढं आम्ही तिघं, काका-काकू अन् सालगडी, एवढेच असूत. आंबील वाढायच्या आधी हजेरी घेणार आहे म्हणून आई आत्तापासून म्हणायली.

तुझा,
अप्पा